पीठ, मीठ, हिंग, चिंच: घरातले शुद्धलेखन

‘चुकलेला शब्द दहा वेळा लिही’ असे सांगितल्यावर मूल काय करते, ते एकदा शेजारी बसून पाहा. ‘पूर्ण’ हा शब्द दहा वेळा लिहायचा असेल, तर बरीच मुले आधी एकाखाली एक दहा ‘पू’ काढतात आणि मग शेजारी दहा ‘र्ण’ काढतात. पान भरते आणि हात दुखतो. पण ‘पूर्ण’ हा शब्द सलग असा त्याच्या मनातून एकदाही गेलेला नसतो. वरची ओळ पाहून खालची उतरवण्याचे ते काम आहे. वरच्या ओळीतच उकार चुकला असेल, तर चूक दहा वेळा घोटली जाते.

मराठीत तर या घोटण्याची गरज बहुतेक शब्दांना नाहीच. पहिली वेलांटी की दुसरी, पहिला उकार की दुसरा, हे मराठी शब्दांत बव्हंशी त्या अक्षराच्या जागेवरून ठरते. अक्षर शब्दाच्या शेवटी आहे की शेवटून दुसरे आहे, त्याच्यावर टिंब आहे का, पुढे जोडाक्षर आहे का, एवढे पाहायची सवय मुलाला लागली, तर शेकडो शब्द पाठ न करता बरोबर येतात. ही सवय लावायला शाळेच्या फळ्यापेक्षा घर सोयीचे आहे, कारण घरात शब्दांना वस्तू असतात आणि त्या रोज हाताळल्या जातात. नियमांची पुस्तिका मुलापुढे ठेवण्याआधी त्याला स्वयंपाकघरात न्या.

सुटीच्या दिवशी किराण्याचे डबे ओट्यावर मांडा आणि डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मुलाकडे सोपवा. पीठ, मीठ, गूळ, तीळ, मूग, तूर, हिंग, चिंच, सुंठ, मिरी, मोहरी, दालचिनी, काजू, जिरे. आधी त्याला मनाने पेन्सिलने लिहू द्या. मधे बोलू नका. सगळे लिहून झाले की प्रत्येक शब्द एकत्र पाहा, चुकलेला खोडून बरोबर करा आणि मग स्केचपेनने जाड अक्षरांत पक्क्या चिठ्ठ्या लिहायला सांगा. डब्यांवर लागण्याआधी या चिठ्ठ्यांचा एक खेळ करायचा आहे.

सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा. तुम्ही पीठ, मीठ, गूळ, तीळ, मूग, तूर एवढ्या उचलून एका ओळीत लावा आणि विचारा, ‘या सगळ्यांत सारखे काय आहे?’ मूल आधी म्हणेल की सगळे खायचे पदार्थ आहेत, मग म्हणेल की दोन-दोन अक्षरांचे शब्द आहेत. थोडे थांबलात तर त्याला दिसेल की सगळ्यांना दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार आहे आणि शेवटचे अक्षर साधे, काना-मात्रा नसलेले आहे. हे त्याच्या तोंडून आले पाहिजे. तुम्ही सांगितलेला नियम संध्याकाळपर्यंत विसरला जाईल, पण त्याने शोधलेला तो शेजारच्या मित्राला सांगायला जाईल. मग तांदूळ, उडीद, कुळीथ अशा नव्या चिठ्ठ्या लिहून त्या त्याच ओळीत बसतात का, ते त्यालाच ठरवू द्या. बसतात. शब्द कितीही अक्षरी असो, शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दुसरा. वीट, फूल, जमीन, विहीर, गरीब, वकील, वसूल हे सगळे याच ओळीतले.

आता हिंग, चिंच, सुंठ. याही शब्दांचे शेवटचे अक्षर साधेच आहे, पण वेलांटी आणि उकार पहिला आहे. असे का? टिंबामुळे. अनुस्वाराच्या आधी मराठी शब्दांत पहिलीच वेलांटी आणि पहिलाच उकार येतो: भिंत, उंट, खुंटी, पुंगी. जोडाक्षराच्या आधीही तसेच होते: खुर्ची, पुष्कळ, चिठ्ठी. तिसरी ओळ मिरी, मोहरी, दालचिनी, काजू यांची आहे. त्यांच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आहे आणि तो दुसरा आहे. आणि ‘मिरी’त शेवटचे अक्षर दीर्घ झाल्याबरोबर त्याआधीचे ‘मि’ ऱ्हस्व झाले आहे. ‘दालचिनी’तही तेच, ‘जिरे’मध्येही तेच.

एवढे झाल्यावर भाजीच्या पिशवीतून कोथिंबीर काढून मुलापुढे ठेवा. ‘थिं’वर टिंब आहे म्हणून पहिली वेलांटी, आणि ‘बी’ शेवटून दुसरे, पुढचे ‘र’ साधे, म्हणून दुसरी. एकाच जुडीत दोन नियम. लिंबातही दोन आहेत: ‘लिं’ पहिली, ‘बू’ शेवटचे म्हणून दुसरा उकार. हे ज्या मुलाला सांगता आले, त्याला शुद्धलेखनाचा निम्मा अभ्यास झाला असे समजायला हरकत नाही.

डबे जागेवर गेले तरी खेळ संपत नाही. पुढचा भाग बोलण्याचा आहे, तो स्वयंपाक करता करता, रिक्षात, रांगेत उभे असताना कुठेही होतो. एकाने मूळ शब्द म्हणायचा, दुसऱ्याने त्याला प्रत्यय लावायचा आणि बोटे दाखवायची. पहिली वेलांटी किंवा पहिला उकार असेल तर एक बोट, दुसरा असेल तर दोन. ‘दूध’ म्हटले की दोन बोटे, ‘दुधात’ म्हटले की एक. पीठ–पिठात, मीठ–मिठाचा, गूळ–गुळाची पोळी, मूग–मुगाची डाळ, ऊन–उन्हात, जीभ–जिभेला, बहीण–बहिणीने, पूल–पुलावर, चूक–चुका. चार-पाच जोड्या झाल्या की ताल लागतो, आणि मुलाच्या ध्यानात येते की प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झाले की दोन बोटांचे एक बोट होते. ‘दुध’, ‘फुल’, ‘मुल’ या चुका मुले करतात त्या यामुळेच. ‘दुधात’, ‘फुले’, ‘मुले’ त्यांनी जास्त वेळा वाचलेले असते आणि तोच उकार ती मूळ शब्दाला लावून टाकतात. ही चूक निष्काळजीपणाची नाही. उलट मूल काहीतरी ताडून पाहते आहे, याची ती खूण आहे. तसे त्याला सांगा.

थोड्या मोठ्या मुलासाठी याच खेळात एक वळण आहे. तांदूळ म्हटले की ‘तांदळाचे’, लाकूड म्हटले की ‘लाकडाचे’, बेरीज म्हटले की ‘बेरजेत’. इथे उकार किंवा वेलांटी ऱ्हस्व होत नाही, नाहीशीच होते. अशा वेळी बोट न दाखवता मूठ मिटायची. मुलांना ही मूठ फार आवडते, आणि असे आणखी शब्द ती स्वतःहून शोधू लागतात.

एसटीच्या प्रवासात गाड्यांच्या पाट्या वाचायला सांगा. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, चंद्रपूर, पंढरपूर, तुळजापूर: गावाच्या नावातले ‘पूर’ दीर्घ लिहावे असा नियमच आहे. मग त्याच नावांपासून कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपुरी संत्री असे शब्द बनवा आणि बोटे दाखवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रवी–रविवार, गुरू–गुरुवार, शनी–शनिवार या जोड्या आहेत. एकटा शब्द असताना शेवटचे अक्षर दीर्घ, आणि समासात पुढे दुसरा शब्द जोडला की संस्कृतातला मूळ ऱ्हस्व परत येतो. कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिबळ, भूमी पण भूमिपुत्र. पाचवीच्या आतल्या मुलाला समास हा शब्दही सांगू नका, वारांची नावे पुरेत.

वर्तमानपत्राच्या एका बातमीत ‘शेवटी पहिली वेलांटी किंवा पहिला उकार असलेला शब्द शोध’ असे सांगून पाहा. हाती लागेल ‘आणि’, आणि पुन्हा पुन्हा तोच लागेल. शिवाय ‘नि’, ‘तथापि’, ‘परंतु’, ‘किंतु’ असे मोजके. एवढे सोडले की शेवटच्या अक्षराबद्दल मुलाच्या मनात शंका उरत नाही.

आता अडचण येते ती गणित, मंदिर, गुण, विष, मधुर, चतुर, कुसुम या शब्दांची. विचार करणारे मूल विचारणारच की शेवटचे अक्षर साधे आहे, मग वेलांटी पहिली कशी? हा प्रश्न आला तर आनंद माना, कारण नियम त्याने खरोखर आपलासा केला आहे. उत्तर सरळ द्या: हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत, आणि ते आपले मूळचे रूप टिकवतात. ‘शरीर’ प्रत्यय लागल्यावरही ‘शरीरात’ राहते, ‘गीत’चे ‘गीतात’ होते, ‘परीक्षा’ आणि ‘पूजा’ यांच्या शेवटी दीर्घ अक्षर असूनही आधीचे अक्षर ऱ्हस्व होत नाही. हे शब्द मात्र डोळ्यांनी ओळखून लक्षात ठेवावे लागतात. पाठांतराचा वेळ खर्च करायचा तो इथे.

पण इथेही गट पाडता येतात, आणि गटांचे पत्ते करता येतात. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून सोळा पत्ते करा. चार पत्ते ‘इक’चे: दैनिक, मासिक, वार्षिक, ऐतिहासिक. चार ‘ईय’चे: भारतीय, राष्ट्रीय, शासकीय, मानवीय. चार रफाराआधी दीर्घ अक्षर असलेले: सूर्य, मूर्ती, तीर्थ, आशीर्वाद. चार गणित–मंदिर गटातले. चौघांना चार-चार पत्ते वाटायचे, आणि एका वेळी सगळ्यांनी एक-एक नकोसा पत्ता उजवीकडच्याला सरकवायचा. एका गटाचे चार पत्ते ज्याच्या हातात जमतील त्याने ते न पाहता लिहून दाखवायचे, बरोबर आले तर डाव त्याचा. पत्ते मुलानेच लिहावेत, कारण सोळा शब्द विचारपूर्वक सुवाच्य लिहिणे हाच अर्धा सराव आहे. पुढच्या महिन्यात नवे सोळा.

या गटांना अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. दिन–दैनिक, वर्ष–वार्षिक, इतिहास–ऐतिहासिक, समाज–सामाजिक असा मूळ शब्द सापडला तर ‘इक’ पहिल्या वेलांटीचा. ‘बारीक’, ‘नजीक’, ‘भीक’ यांना असा मूळ शब्द नाही, ते पीठ–मीठच्या ओळीतले. ‘प्रिय’, ‘क्षत्रिय’, ‘इंद्रिय’ हे ‘ईय’च्या गटात बसत नाहीत. रफाराआधी दीर्घ असे म्हणताना निर्णय, निर्मळ, दुर्बल, दुर्जन हे ‘निर्’ आणि ‘दुर्’ने सुरू होणारे शब्द बाजूला ठेवावे लागतात, आणि चतुर्थी, आयुर्वेद यांसारखे काही नुसते लक्षात ठेवावे लागतात. खुर्ची आणि कुर्ता तर संस्कृतातलेच नाहीत. मुलाने स्वतः असा अपवाद आणून दाखवला तर त्याला त्या डावात एक जास्तीचा गुण द्या.

लक्षात ठेवायचे म्हणजे कसे, याबद्दल थोडे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले, की शिकलेले आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्यांना दिसले. त्याला एक जोड अशी, की पाहून उतरवण्यापेक्षा आठवून लिहिण्याने शब्द पक्का होतो. घरी करायची रीत म्हणून: पाहा, झाका, लिहा, ताडा. शब्द नीट पाहायचा, त्यातले अडणारे एकच अक्षर बोटाने दाखवायचे, हाताने झाकायचा, आठवून लिहायचा, मग हात काढून आपले आपण ताडायचे. तपासणारा हात मुलाचाच असू द्या.

अंतर ठेवण्यासाठी तीन पाकिटे पुरतात. पहिल्यात रोजचे शब्द, दुसऱ्यात आठवड्याचे, तिसऱ्यात महिन्याचे. नवा शब्द चिठ्ठीवर लिहून पहिल्या पाकिटात टाकायचा. सलग तीन दिवस बरोबर आला तर तो दुसऱ्यात जातो, दर रविवारी दुसरे पाकीट उघडायचे, तिथेही आला तर तिसऱ्यात. चुकला तर कुठूनही पुन्हा पहिल्यात. पहिल्या पाकिटात सहा-सातांपेक्षा जास्त चिठ्ठ्या साठू देऊ नका, आणि रोज दहा मिनिटांवर एक मिनिटही नको. रात्री जेवणानंतर पेंगुळलेल्या मुलाला बसवण्यापेक्षा तो दिवस सोडून दिलेला बरा.

अनुस्वाराचा खेळ चित्रांचा आहे. तुम्ही वाक्य लिहून द्यायचे आणि मुलाने चित्र काढायचे. ‘झाडाखाली गाय बसली’ आणि ‘झाडांखाली गाय बसली’. पहिल्यात एक झाड, दुसऱ्यात झाडीच. ‘मुलाचा डबा’ आणि ‘मुलांचा डबा’. ‘घरात उंदीर’ आणि ‘घरांत उंदीर’. मग उलटे करा: तुम्ही चित्र काढा आणि मुलाला वाक्य लिहू द्या. टिंब विसरले तर चित्र आणि वाक्य जुळत नाही, आणि ते तुम्हाला सांगावेही लागत नाही. आदरार्थी टिंबाची गोष्ट वेगळी आहे. ‘आजोबांचा चष्मा’, ‘काकांकडे’, ‘बाईंनी सांगितले’ यांत माणूस एकच आहे, पण आपण त्याला मानाने अनेकवचनात बोलावतो, म्हणून टिंब येते. मुलांना हे एकदा सांगितले की पुरते. घरातल्या मोठ्या माणसांची नावे घालून चार वाक्ये लिहायला द्या.

घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांच्या जुन्या वह्यांत, पत्रांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांही’, ‘पांच’ असे लिहिलेले मुलाने पाहिले, तर ते चूक म्हणून हसण्याचा विषय करू नये. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले. तेव्हा उच्चारात ऐकू न येणारे हे अनुस्वार लिखाणातून गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली, आणि आज शाळेत शिकवतात ते हे अठरा. १९६२ च्या आधी शाळेत शिकलेल्यांचे लिहिणे त्यांच्या काळच्या नियमाप्रमाणे शुद्धच होते. आजोबांचे एक जुने पत्र घेऊन त्यातली टिंबे मोजणे आणि आज त्यांतली कोणती राहतील हे ठरवणे, हा दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी चांगला तासाभराचा उद्योग आहे. आजोबा शेजारी असतील तर फारच चांगला.

जोडाक्षरांसाठी कान हवा. ‘पर्वत’ हळू म्हणा आणि विचारा, कोण आधी बोलला, ‘र’ की ‘व’? ‘र’ आधी बोलला, म्हणून तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘प्रवास’मध्ये ‘प’ आधी बोलला, ‘र’ मागून आला, म्हणून तो पायाशी. रफार भलत्याच अक्षरावर देण्याची चूक या एका प्रश्नाने बरीच कमी होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन्ही शब्दांची चित्रे काढायला लावा, एक समुद्राचे, एक डोंगराचे. ‘विद्यार्थी’ला ‘ध’ जोडणारी मुले पुष्कळ असतात. ‘विद्–द्या’ असे तोडून मोठ्याने म्हटले की आत ‘द’ आहे, ‘ध’ नाही, हे कानालाच कळते. शुद्ध, युद्ध, प्रसिद्ध, पद्धत यांत आधी ‘द’ आणि मग ‘ध’. मोठ्या मुलांना तोडून जोडण्याचा खेळ द्या: महत् अधिक त्व, तत् अधिक त्व, म्हणून महत्त्व आणि तत्त्व यांच्या जोडाक्षरात दोन ‘त’. नेतृ अधिक त्व, म्हणून ‘नेतृत्व’च्या जोडाक्षरात एकच. उत् अधिक ज्वल, म्हणून उज्ज्वलमध्ये दोन ‘ज’. ही फोड कळलेल्या मुलाला हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

अगदी लहान, नुकती अक्षरे गिरवणारी मुले असतील तर वही-पेन्सिल बाजूला ठेवा. परातीत रवा पसरून बोटाने लिहिणे, ओल्या फडक्याने फरशीवर लिहिणे, अंगणात खडूने हातभर अक्षर काढून त्यावरून चालणे, यांत अक्षराची वळणे सगळ्या हातात आणि अंगात उतरतात. आपल्याकडे पूर्वी मुलांची पहिली अक्षरे धूळपाटीवरच होत, धुळाक्षरे म्हणत ती यामुळेच. या वयात ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढू नये. वेलांटी कुठल्या बाजूला वळते, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

एक खेळ मात्र मी मुद्दाम टाळायला सांगेन. दुकानांच्या पाट्यांवरच्या, शुभेच्छांच्या फलकांवरच्या चुका शोधण्याचा. मोठ्या माणसांना तो फार आवडतो. पण ज्या मुलाच्या मनात बरोबर रूप अजून बसलेले नाही, त्याने चुकीचे रूप पुन्हा पुन्हा पाहिले की तेच ओळखीचे होते, आणि ओळखीचे ते बरोबर वाटू लागते. याच कारणासाठी ‘यांतला योग्य शब्द निवडा’ म्हणून एक बरोबर आणि तीन चुकीची रूपे शेजारी-शेजारी छापणाऱ्या स्वाध्यायपुस्तिकाही लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. सहावी-सातवीच्या पुढे, नियम पक्के झाल्यावर, फलक वाचायला हरकत नाही. मोबाइलवर मराठी टाइप करताना खाली उमटणाऱ्या सूचनांचेही तेच आहे. तिथे ‘दुध’ही येते आणि ‘दूध’ही, म्हणून कोणते निवडायचे हे आधी हाताला माहीत असायला हवे.

मुलाने स्वतःच्या मनाने गोष्ट लिहिली, आजीला पत्र लिहिले, सहलीचे वर्णन लिहिले, तर पहिल्या वाचनात लाल पेन हातात घेऊ नका. गोष्ट वाचा, गोष्टीबद्दल बोला. दुसऱ्या दिवशी त्यातले दोन शब्द निवडून पाकिटात टाका. दोनच. सगळ्या चुका लाल करून परत दिलेल्या पानानंतर मूल पुढच्या वेळी ‘विहीर’ लिहायची वेळ आली की ‘पाण्याची जागा’ लिहून मोकळे होते. लिहिण्याची हौस गेली तर शुद्धलेखन कशाचे करणार?

घरच्या बोलीबद्दलही हेच. मूल ‘पानी’, ‘लोनी’ म्हणत असेल, घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलली जात असेल, तर ती बोली अशुद्ध आहे असे त्याला कधीही सांगू नये. ती त्याच्या आईची भाषा आहे. वहीत प्रमाण मराठी लिहायची, तिथे ‘पाणी’ आणि ‘लोणी’ असे लिहितात, एवढेच सांगावे. गोष्टीतल्या पात्रांच्या तोंडी मात्र त्याला त्याची बोली खुशाल लिहू द्या. मराठी कथा-कादंबऱ्यांतली माणसे तशीच बोलतात.

श्रुतलेखन घ्यायचे तर सुट्या शब्दांची यादी सांगू नका. शब्द वाक्यात आला की त्याला प्रत्यय लागतो, आणि खरा कस तिथे लागतो. आजीला फोन लावून पाककृती विचारायची आणि तिने सांगितलेली लिहून घ्यायची, हे मला माहीत असलेले सर्वांत चांगले श्रुतलेखन आहे. ‘तीळ भाजून घ्या’, ‘गुळाचा पाक करा’, ‘चिमूटभर मीठ टाका’, ‘पिठात तूप घाला’: सगळे नियम एका पानावर येतात आणि शेवटी खायलाही मिळते. परदेशात राहणाऱ्या घरांत, जिथे मुलाला मराठी लिहायचे निमित्तच सापडत नाही, तिथे आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर हे करता येईल. कधी भूमिका उलटी करा: मुलाने सांगायचे, तुम्ही लिहायचे, आणि पुस्तकात पाहून त्याने तपासायचे.

इंग्रजी स्पेलिंगांना जागेचे असे नियम फारसे लागू पडत नाहीत, तिथे आठवून लिहिणे आणि पाकिटे हाच मुख्य आधार. एक युक्ती मात्र कामाची आहे: लिहिताना शब्द मनात त्याच्या अक्षरांप्रमाणे म्हणायचा. ‘वेन्झडे’ला ‘वेड-नेस-डे’, ‘नाइफ’ला ‘क्नाइफ’. बोलताना योग्य उच्चार, लिहिताना हा मनातला.

एवढे सगळे आनंदाने करूनही एखाद्या मुलाची अक्षरे सातत्याने उलटसुलट होत असतील, तोंडी उत्तर उत्तम देणारे मूल लिहिताना तिसरी-चौथीतही अडखळत असेल, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहीत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि सराव दुप्पट करू नका. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असू शकते. आधी शाळेतल्या शिक्षकांशी बोला, डोळे आणि कान तपासून घ्या, आणि मग बालविकास तज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून चाचणी करून घ्या. लवकर कळले तर शिकवण्याची पद्धत बदलता येते, आणि पुढे दहावी-बारावीच्या परीक्षांत राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलतीही देते.

घरात एक कोश हवा. मो. रा. वाळंबे यांचे शुद्धलेखनावरचे पुस्तक किंवा अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश असला की पुरे. फडके यांची ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ ही छोटी पुस्तिका दप्तरातही मावते. वाचायला बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे, १९७१ पासून ते निघते आहे. कोश कपाटात वर ठेवू नका, मुलाच्या हाताला लागेल असा ठेवा आणि तुम्हाला शब्द अडला की त्याच्यासमोर उघडा. मुलाला कोशात शब्द शोधता यावा म्हणून आधी बाराखडीचा क्रम पक्का करा, आणि तुमच्या कोशात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे छापले आहेत ते पाहून ठेवा, कारण काही कोशांत ते ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात असतात, तर काहींत ‘ळ’नंतर शेवटी.